इंग्रजी शाळेत भागीदारी घेताय? आधी आठवडे मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या एका चालू शाळेत तुम्ही आणि तुमची बहीण भागीदारी घेणार आहात. शाळा इंग्रजी बोलणाऱ्या देशात आहे आणि विद्यार्थी जगभरातून येतात. विकणारा सांगतो की कोविडनंतर बाजार सावरला, विद्यार्थीसंख्या दरवर्षी वाढते आहे. तुमचा मित्र म्हणतो, एआय आल्यावर इंग्रजीसाठी विमानाचं तिकीट कोण काढणार, पाच वर्षांत हा धंदा बसेल. दोघांपैकी खरं कोणाचं, हे तुम्हाला हवंय.

मी बावीस वर्षं या धंद्यात आहे. आधी शिकवलं, मग प्रवेश विभाग पाहिला, मग शाळेला परदेशांतून विद्यार्थी मिळवून देणाऱ्या एजंटांशी व्यवहार केले, आणि अलीकडे शाळा विकत घेऊ पाहणाऱ्यांची कागदपत्रं तपासून देते. माझ्या मते दोघांनीही चुकीची गोष्ट मोजायला घेतली आहे.

विकणाऱ्यापासून सुरुवात करू. तो विद्यार्थ्यांची संख्या सांगतोय. या धंद्यात जुनी माणसं डोकी मोजत नाहीत, आठवडे मोजतात. एक विद्यार्थी एक आठवडा शिकला की एक विद्यार्थी-आठवडा. उन्हाळ्यात दोन आठवड्यांसाठी शंभर मुलं आली तर दोनशे आठवडे होतात. पंचवीस आठवड्यांचा कोर्स घेणारे आठ प्रौढ आले तरी दोनशेच होतात. पहिल्या शाळेच्या जाहिरातीत शंभर विद्यार्थी झळकतील, दुसरीच्या जाहिरातीत आठ. पण पहिलीला जुलैत शंभर खाटा, दोन बसगाड्या, रात्रपाळीचे वॉर्डन आणि सहा आठवड्यांपुरते शिक्षक शोधावे लागतात, आणि नोव्हेंबरात तिच्या इमारतीत झाडूवाल्याखेरीज कोणी नसतं. दुसरीत नोव्हेंबरातही वर्ग चालू असतो. ब्रिटनच्या बाजारात डोक्यांच्या हिशेबात अठरा वर्षांखालच्यांचा, म्हणजे ज्युनिअरचा, वाटा निम्म्याच्या वर जातो; आठवड्यांच्या हिशेबात पारडं मोठ्यांकडे झुकतं. एकाच देशाचा हा बाजार, पण कुठला आकडा दाखवला त्यावर त्याचा चेहरा बदलतो.

कोविडनंतरचं सावरणंही असंच वाचायला हवं. २०२० च्या मार्चमध्ये हा धंदा एका आठवड्यात बंद पडला. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थ्यांसाठी दार उघडलं ते १५ डिसेंबर २०२१ ला, न्यूझीलंडने पूर्णपणे उघडलं ते ३१ जुलै २०२२ ला. तोवर तिथल्या अनेक शाळांचे शिक्षक दुसऱ्या नोकऱ्यांना लागले होते आणि भाड्याच्या इमारती सुटल्या होत्या. नंतर विद्यार्थी परतले, पण मी ज्या शाळांचे हिशेब पाहते त्यांत मुक्काम आखूड झाला आहे. आधी बारा आठवडे राहणारा आता सहा-आठ राहतो. चार आठवड्यांचं बुकिंग घेऊन येतो आणि आवडलं तर वाढवतो. म्हणून डोकी २०१९ इतकी आणि आठवडे त्याहून कमी, असं चित्र सर्रास दिसतं. २०२१ शी तुलना करून वाढ दाखवणारा तक्ता समोर आला तर तो बाजूला ठेवा आणि २०१९ चा मागा.

आता मुख्य गोष्ट. या शाळा इंग्रजी विकतात असं बाहेरून वाटतं. आत बसून पाहिलं तर प्रौढांच्या बाजारात विकली जाते ती परवानगी. त्या देशात किती महिने राहता येईल, राहताना काम करता येईल का, संपल्यावर पुढचा रस्ता आहे का, हे विद्यार्थी आधी विचारतो. शिक्षक कसे आहेत, हे चौथ्या-पाचव्या क्रमांकावर येतं. मी शिक्षिका होते म्हणून हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली. पण एजंटाच्या टेबलापाशी एक दिवस बसून पाहा. पुस्तक कुठलं वापरता, असं एकही जण विचारत नाही.

म्हणूनच या बाजाराचा कल सरकारी राजपत्रात आधी दिसतो, शाळेच्या हिशेबात नंतर.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण सविस्तर सांगते, कारण अलीकडच्या काळातला सगळ्यांत मोठा धडा तिथला आहे. तिथे परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी कोर्सना एलिकॉस म्हणतात. विद्यार्थी व्हिसावर पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं, त्यामुळे ब्राझील, कोलंबिया, थायलंड इथून तरुण मोठ्या संख्येने यायचे. सकाळी वर्ग, संध्याकाळी कॅफे. २०२४ च्या मार्चमध्ये विद्यार्थी खरोखर शिकायलाच येतोय का, याची नवी चाचणी लागू झाली आणि भाषेची अट वाढली. १ जुलै २०२४ ला व्हिसाची फी ७१० ऑस्ट्रेलियन डॉलरवरून थेट १,६०० वर गेली. वर्षभराने, १ जुलै २०२५ ला, ती २,००० झाली. शिवाय पर्यटक म्हणून आत आलेल्याला तिथूनच विद्यार्थी व्हिसाचा अर्ज करता येत असे, तो रस्ताही १ जुलै २०२४ पासून बंद झाला.

याच सुमारास तिथे परदेशी विद्यार्थ्यांच्या नव्या प्रवेशांवर मर्यादा घालण्याची चर्चा गाजत होती. २०२५ साठी २,७०,००० चा आकडा ठरला. केवळ इंग्रजीचा स्वतंत्र कोर्स करणारे त्या मर्यादेतून वगळले होते, म्हणून अनेक शाळामालकांनी सुटकेचा श्वास टाकला. इथंच घोडं पेंड खातं. तीन वर्षांच्या पदवीला येणाऱ्याला २,००० डॉलरची फी एकूण खर्चात जेमतेम जाणवते. पंधरा आठवड्यांच्या इंग्रजीसाठी येणाऱ्याला मात्र नाकापेक्षा मोती जड होतो, आणि अर्ज नाकारला गेला तर ती फी परतही मिळत नाही. मर्यादेतून सुटलेला धंदा फीने मारला. चांगल्या, जुन्या, मान्यताप्राप्त शाळा त्यात बंद पडल्या. त्यांच्या शिकवण्यात काहीच खोट नव्हती.

टिकल्या त्यांनी काय केलं? तिथे पर्यटक व्हिसावर तीन महिने आणि वर्किंग हॉलिडे व्हिसावर, म्हणजे तरुणांना फिरता फिरता काम करू देणाऱ्या व्हिसावर, चार महिने शिकता येतं. त्यांनी बारा आठवड्यांचे कोर्स पुढे केले, जपान, कोरिया, इटली, फ्रान्स इथल्या वर्किंग हॉलिडेवाल्यांकडे वळल्या आणि सहा महिन्यांच्या कोर्सवर उभं असलेलं अंदाजपत्रक फाडून टाकलं. यात पैसा कमी आहे, पण व्हिसा अधिकाऱ्याच्या टेबलावर तुमचा धंदा अडकून पडत नाही.

कॅनडात सहा महिन्यांपर्यंतच्या कोर्सला अभ्यास परमिट लागत नाही. त्यामुळे लहान कोर्सवाल्या शाळा २०२४ च्या तडाख्यातून तुलनेने वाचल्या. २२ जानेवारी २०२४ ला सरकारने त्या वर्षासाठी सुमारे ३,६०,००० परमिटांची मर्यादा जाहीर केली, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के कपात. सोबत प्रांताचं पत्र आणण्याची अटही आली. फटका बसला तो इंग्रजी आणि पुढे कॉलेज अशी जोडगोळी विकणाऱ्यांना. आठ महिने आमच्याकडे इंग्रजी शिका, मग आमच्या भागीदार कॉलेजात थेट प्रवेश, ही पाथवेची कल्पना पंधरा वर्षं या धंद्याचं दुभतं जनावर होती. कॉलेजचं दार अरुंद झालं आणि इंग्रजीच्या वर्गाचा पान्हा आटला. तुमची शाळा भागीदार विद्यापीठांची लांबलचक यादी दाखवत असेल तर एकच प्रश्न विचारा: गेल्या बारा महिन्यांत यातल्या कुठल्या विद्यापीठात आमच्याकडून किती विद्यार्थी प्रत्यक्ष गेले?

आयर्लंडची गोष्ट उलटी. तिथे युरोपबाहेरच्या प्रौढाला पंचवीस आठवडे शिकणं आणि आठ आठवडे सुट्टी, असे आठ महिने मिळतात, आणि हे तीनदा करता येतं. शिकताना आठवड्याला २० तास काम, जून ते सप्टेंबर आणि १५ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात ४०. ब्राझील आणि मेक्सिकोच्या लोकांना तिथे येण्याआधी व्हिसा काढावा लागत नाही, येऊन नोंदणी करायची. म्हणजे एजंटाच्या दृष्टीने नकाराचा धोका जवळपास नाही. परिणामी तिथले वर्ग भरलेले असतात, आणि काही शाळांत दहापैकी सात विद्यार्थी एकाच देशाचे असतात. मधल्या सुट्टीत कॉरिडॉरमध्ये इंग्रजी सोडून सगळं ऐकू येतं.

त्याच देशात २०१४-१५ मध्ये काय झालं, तेही विसरू नका. एकापाठोपाठ एक शाळांना कुलपं लागली. विद्यार्थ्यांनी वर्षाची फी आगाऊ भरलेली, आणि सकाळी दारावर चिठ्ठी. त्या काळात मी असे विद्यार्थी दुसऱ्या शाळांत बसवून देण्याचं काम काही आठवडे केलं. एक मुलगी रोज हजेरीचं पत्र मागायला यायची, कारण हजेरी ८५ टक्क्यांखाली गेली तर मुदत वाढणार नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. जिथे हजेरी लागणार होती ती शाळाच उरली नव्हती, हे तिला दोनदा समजावून सांगावं लागलं. त्यानंतर नियम कडक झाले, वर्षाची मुदत आठ महिन्यांवर आली आणि फीला संरक्षण देण्याची सक्ती झाली. काम करायची मुभा हीच ज्या धंद्याची खरी विक्री असते, तिथे मागणी आटली की सरकारने डोळा वटारला असं समजावं, आणि फार फुगली तरी काही दिवसांत तो वटारला जाणार हे धरून चालावं.

ब्रिटनमध्ये काम करायची परवानगीच नाही. सहा महिन्यांपर्यंत पाहुणा म्हणून शिकता येतं, सहा ते अकरा महिन्यांच्या इंग्रजीसाठी वेगळा व्हिसा आहे, दोन्हींत नोकरीला मनाई. म्हणून तिथला बाजार मुळातच आखूड मुक्कामाचा आणि ज्युनिअर गटांचा. तिथे एका साध्या कागदाने काय उलथापालथ केली ते पाहा. १ ऑक्टोबर २०२१ पासून युरोपीय संघातल्या बहुतेक प्रवाशांना ओळखपत्रावर येणं बंद होऊन पासपोर्ट लागू लागला. इटलीतल्या किंवा फ्रान्समधल्या चौदा वर्षांच्या कित्येक मुलांकडे पासपोर्ट नसतोच, ओळखपत्र असतं. चाळीस जणांच्या वर्गात पंधरांकडे पासपोर्ट नसेल तर शिक्षक त्या पंधरांसाठी खटपट करत बसत नाही, अख्खी सहल डब्लिनला किंवा माल्टाला वळवतो. फ्रान्सच्या शालेय गटांसाठी ही अट २०२३ च्या डिसेंबरअखेर सैल झाली, तेव्हा गट परतू लागले, पण ज्यांनी मधल्या दोन वर्षांत माल्टाचा समुद्र पाहिला ते सगळे काही परतले नाहीत. २ एप्रिल २०२५ पासून युरोपीयांना प्रवासाआधी इलेक्ट्रॉनिक परवानगीही काढावी लागते. तिची फी १० पौंड होती, आठवडाभरात १६ झाली. रक्कम किरकोळ, पण गट नेणाऱ्या शिक्षिकेला चाळीस पालकांकडून चाळीस अर्ज भरून घ्यावे लागतात, आणि ती पुढच्या वर्षी कुठे जायचं ते या आठवणीवर ठरवते.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. तिथे आठवड्याला किमान १८ तासांचा कोर्स, त्यासाठी व्हिसा, त्यासाठी मुलाखत. केवळ इंग्रजीसाठी येणाऱ्यांची संख्या गेल्या दशकाच्या मध्यापासून उतरली ती पुन्हा तेवढी चढलेली नाही. २०२५ च्या मे-जूनमध्ये काही आठवडे नव्या मुलाखतींची नोंदणीच थांबवली होती, आणि त्या उन्हाळ्यात ज्या शाळांची जुलैची बॅच गेली ती गेलीच.

व्हिसानंतर दुसरं बघायचं ते पैसे कोणाच्या खिशातून येतात. सौदी अरेबियाने २००५ मध्ये राजे अब्दुल्ला यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू केली. हजारो तरुण आधी वर्षभर इंग्रजी आणि मग पदवी, असे सरकारी खर्चाने बाहेर पडले. अमेरिकेतल्या कित्येक विद्यापीठांची भाषा केंद्रं त्या एका खात्यावर फुगली. २०१६ च्या सुमारास तेल स्वस्त झालं, शिष्यवृत्तीचे नियम आवळले गेले आणि ती केंद्रं दोन वर्षांत रोडावली. ब्राझीलने २०११ मध्ये सीमेविना विज्ञान अशा अर्थाच्या नावाची मोठी योजना आणली. मुलांचं इंग्रजी कच्चं म्हणून आधी भाषेचे कोर्स द्यावे लागले, शाळांची चांदी झाली, आणि काही वर्षांत योजना आटोपली. इटलीत सार्वजनिक विमा आणि निवृत्तिवेतन पाहणारी संस्था सरकारी नोकरांच्या मुलांना उन्हाळी इंग्रजीसाठी अनुदान देते. ब्रिटन, आयर्लंड, माल्टातल्या कित्येक ज्युनिअर केंद्रांचा जुलै त्यावर चालतो. त्या निविदेच्या तारखा लांबल्या की इकडे शिक्षकांची भरती लांबते. अशा पैशाला मी वाईट म्हणत नाही. पण एका देशाचा वाटा एकूण आठवड्यांच्या पावपटीहून अधिक असेल, तर तुम्ही त्या देशाच्या अर्थमंत्र्याचे भागीदार होताय असं समजा.

चलनाचंही तसंच. २०२१ च्या सुरुवातीला एका अमेरिकी डॉलरला सुमारे १०३ येन लागायचे, २०२४ च्या जुलैत १६० च्या वर. जपानी विद्यार्थिनीच्या दृष्टीने शाळेने एक पैसाही फी न वाढवता शाळा दीडपट महाग झाली. तिने इंग्रजी सोडलं नाही, सेबू गाठलं. फिलिपीन्समध्ये सेबू आणि बागिओ इथे कोरियन विद्यार्थ्यांसाठी उभा राहिलेला एक वेगळाच नमुना आहे: राहणं, जेवण, वर्ग एकाच आवारात, आणि दिवसाचे चार किंवा अधिक तास एकास एक शिकवणी. लंडनमध्ये एकास एक शिकवणीचा तास ज्या दराने विकला जातो, त्या पैशात तिथे दिवस निघतो. मूळ इंग्रजी भाषक शिक्षक हवेत, हा आग्रह किंमत पाहिली की किती चटकन विरघळतो ते तिथे कळतं. बरेच जण आता आधी तिथे दोन महिने आणि मग ऑस्ट्रेलियात वर्किंग हॉलिडे असा दुहेरी बेत करतात. आणि कोरियाचं सांगायचं तर २०२३ मध्ये तिथला प्रजनन दर ०.७२ होता. वीस वर्षांनी त्या देशातून किती वीस वर्षांचे तरुण येतील, हे गणित करायला सल्लागार लागत नाही.

खाटांचा मुद्दा नवे गुंतवणूकदार हटकून विसरतात. वर्ग दुप्पट करणं सोपं, दोन खोल्या भाड्याने घ्या. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? विद्यार्थी झोपणार कुठे? पूर्वी होस्ट फॅमिली, म्हणजे विद्यार्थ्याला आपल्या घरात ठेवून घेणारी कुटुंबं, हा या धंद्याचा कणा होता. कोविडमध्ये त्यातल्या बऱ्याच वयस्क यजमानांनी खोल्या बंद केल्या त्या केल्याच. मुलं मोठी झाल्यावर रिकामी खोली देणारी पिढी थकली, तिच्या मागच्या पिढीकडे रिकामी खोलीच नाही. डब्लिन, सिडनी, टोरांटोत भाडी अशी चढली की विद्यार्थी फीपेक्षा भाड्यावर अधिक खर्च करतो. विद्यापीठांची वसतिगृहं उन्हाळ्यात मिळतात, पण ती दोन वर्षं आधी आणि किमान संख्येच्या हमीवर. अठरा वर्षांखालच्यांसाठी तर घरातल्या प्रत्येक प्रौढाची पडताळणी लागते. म्हणून मी शाळा तपासायला गेले की वर्ग नंतर पाहते, आधी निवासाच्या ताईंच्या टेबलाशी बसते. होस्टची यादी किती, त्यातले गेल्या सहा महिन्यांत खरोखर विद्यार्थी घेतलेले किती, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात किती बुकिंग नाकारावी लागली. या तीन उत्तरांत शाळेच्या वाढीची कमाल मर्यादा कळते.

आता तुमच्या मित्राचा एआय. तो पूर्ण चुकीचा नाही, पण कोण गळणार आणि कोण टिकणार, हे त्याने वेगळं केलेलं नाही. जो फक्त गुणांसाठी यायचा, म्हणजे विद्यापीठाला इंग्रजीच्या परीक्षेत अमुक बँड, म्हणजे अमुक गुणश्रेणी, हवी म्हणून आठ-दहा आठवडे परीक्षेची तयारी करायचा, तो गळतो आहे. पण त्याला एआयच्या आधी परीक्षांनीच घरी बसवलं. २०२० मध्ये परीक्षा केंद्रं बंद पडल्यावर घरबसल्या देता येणारी ड्युओलिंगोची चाचणी अनेक विद्यापीठांनी स्वीकारली. टोफेलही २०२३ च्या जुलैपासून दोन तासांच्या आत संपते. परीक्षा घरात आली, तयारीही घरात गेली, आणि आता सरावाला एआय चोवीस तास हजर आहे. परीक्षा-तयारीच्या वर्गावर ज्या शाळेचा मोठा हिस्सा उभा आहे, तिची किंमत मी निम्मी धरेन.

उलट, पंधरा वर्षांच्या मुलाला दोन आठवडे एकट्याने घराबाहेर राहू द्यायचं, पाच देशांच्या मुलांबरोबर फुटबॉल खेळू द्यायचं, यासाठी पैसे देणारा पालक फोनवरच्या ॲपमुळे थांबत नाही. काम करत शिकायला येणारा तर मुळीच थांबत नाही. त्याला हवी असलेली परवानगी एआय देऊ शकत नाही.

शाळेच्या आत मात्र एआयने बरीच गंमत केली आहे. पूर्वी विद्यार्थी येण्याआधी ऑनलाइन प्लेसमेंट टेस्ट द्यायचा, आम्ही त्यावरून लेव्हल ठरवायचो. आता येणाऱ्या निबंधांवरून सगळी तुकडी प्रगत वर्गात बसवावी असं वाटतं, आणि सोमवारी सकाळी तोच विद्यार्थी स्वच्छतागृह कुठे हे हातवाऱ्यांनी विचारतो. मग सोमवारी दुपारी वर्गांची अदलाबदल. शहाण्या शाळांनी लेखी चाचणी सोडून पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल सुरू केला आहे.

एआयपेक्षा खोल बदल मला दुसरा दिसतो, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. येणाऱ्या मुलांचं इंग्रजी सुधारलंय. पंधरा-वीस वर्षांपूर्वी युरोपातून येणारा चौदा वर्षांचा मुलगा अडखळत नाव सांगायचा. आज तो मालिका आणि गेम यांच्या जोरावर बऱ्यापैकी बोलतो. त्याला पुन्हा प्रेझेंट परफेक्टचं व्याकरण शिकवलं तर तो आणि त्याचे पालक दोघंही पुढच्या वर्षी येत नाहीत. म्हणून इंग्रजीसोबत नाटक, कोडिंग, टेनिस, विद्यापीठांच्या भेटी असे जोडकोर्स वाढले. दुसऱ्या टोकाला पन्नाशी ओलांडलेल्यांचे आणि आईवडील-मुलं एकत्र शिकण्याचे कोर्स वाढताहेत. त्यात सवलत मागणारे कमी असतात आणि ते मे, सप्टेंबर, ऑक्टोबर अशा पडत्या महिन्यांत येतात. मला विचाराल तर पुढच्या काही वर्षांत नफ्याची चांगली जागा हीच आहे, आणि नेमकं याच गटासाठी बहुतेक शाळांकडे ना वेगळा पाठ्यक्रम ना बरी खोली.

एजंटांवर फार लिहीत नाही, एक पथ्य सांगते. छापील दरपत्रक वाचू नका. त्यातून आधी सवलत जाते, मग पंचवीस-तीस टक्के कमिशन, मोठ्या एजंटाला वर्षअखेरचा बोनस वेगळा. आठवड्यामागे शाळेच्या हातात पडणारी निव्वळ रक्कम मागा, आणि ती पाच वर्षांची, महागाई वजा करून. बऱ्याच शाळांत ही रक्कम जागची हललेली नाही, तर शिक्षकांचे पगार आणि भाडं हललंय. वर्गात सहा जण बसोत की बारा, शिक्षिकेचा पगार तोच. त्यामुळे वर्गामागे सरासरी किती विद्यार्थी, हा आकडा नफ्याबद्दल ताळेबंदाहून अधिक सांगतो. पहिल्या पाच एजंटांकडून निम्म्याहून अधिक आठवडे येत असतील तर त्या पाच जणांशी, मालक समोर नसताना, बोलून घ्या. मालक बदलला तर ते राहतील का, हे तेच सांगतील.

तुमच्या शाळेबद्दल तुम्ही दिलेल्या माहितीत मला एकच गोष्ट खटकली. बँकेत भरपूर शिल्लक आहे, असं विकणाऱ्याने दोनदा सांगितलंय. या धंद्यात विद्यार्थी फी आधी भरतो आणि शिकतो नंतर. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ्याची आगाऊ रक्कम जमा झालेली असते, तेव्हा कुठलीही शाळा श्रीमंत दिसते. ते पैसे शाळेचे नाहीत, न शिकवलेल्या आठवड्यांचे आहेत. व्हिसा नाकारला गेला तर त्यातले बरेचसे परत करावे लागतात. २०१४-१५ मध्ये कुलपं लागली त्यांतल्या काही शाळांत पुढच्या विद्यार्थ्यांच्या आगाऊ फीतून मागच्या वर्गांच्या शिक्षकांचे पगार दिले जात होते, आणि २०२० मध्ये परताव्याची रांग लागली तेव्हा कोणाकडे खरे पैसे होते ते दोन महिन्यांत उघडं पडलं.

तेव्हा भेटीआधी चार कागद मागवा. २०१९ पासून देशवार आणि महिनावार विद्यार्थी-आठवडे. देशवार व्हिसा नकारांचं प्रमाण. आठवड्यामागची निव्वळ रक्कम. आणि ३१ मार्चपर्यंत घेतलेली पण तोवर न शिकवलेल्या आठवड्यांची फी. हा शेवटचा आकडा त्याच तारखेच्या बँकेतल्या शिलकीतून वजा करा. उरलेली रक्कम शून्याखाली गेली, तर त्या शाळेला भागीदार नको, उन्हाळा काढून देणारा कोणीतरी हवा आहे. वर राहिली, तर पहिले तीन कागद मला पाठवा, बसून पाहू.